पैसा पासबुकाला की नांगराला?



मृगाचा पाऊस तोंडावर आला की तेलंगणातील गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो: "खात्यावर पैसे पडले का?" हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. पेरणीच्या वेळी हातात चार पैसे असले म्हणजे बियाणे उधारीवर आणावे लागत नाही आणि सावकाराची पायरी चढावी लागत नाही, हे आपण सारेच जाणतो. परंतु ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न विचारला पाहिजे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. पैसे पडले ते कोणाच्या खात्यावर? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या, की जो त्या जमिनीत घाम गाळतो त्याच्या? ही दोन्ही माणसे एकच असतील तर प्रश्न मिटला. ती वेगळी असतील तर काय होते, त्याचा आज थोडा विचार करू.

प्रथम ही योजना कशी आली ते थोडक्यात पाहू. तेलंगणा सरकारने १० मे २०१८ रोजी करीमनगर जिल्ह्यातील हुजूराबाद येथे 'रैतु बंधु' योजना सुरू केली. एकरी ४,००० रुपये, खरिपाला एकदा व रब्बीला एकदा, अशी रक्कम ठरली. पहिल्या वेळी गावोगाव धनादेश वाटले गेले. पहिल्या वर्षासाठी अंदाजपत्रकात १२,००० कोटी रुपये ठेवले होते. २०१९ पासून ही रक्कम हंगामी एकरी ५,००० रुपये झाली. २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदलले आणि २६ जानेवारी २०२५ पासून हीच योजना 'रैतु भरोसा' ह्या नावाने हंगामी एकरी ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये, अशी झाली. डोंगर, दगडखाणी, प्लॉट पाडलेली जमीन, रस्त्यात गेलेली जमीन अशा पडीक व बिगरशेती जमिनी त्यातून वगळल्या गेल्या. हा बदल योग्यच झाला. हैदराबाद शहराच्या भोवती ज्या शिवारात वर्षानुवर्षे नांगर फिरला नाही, तेथे शेतीचा पैसा देण्यात अर्थ नव्हता.

ह्याखेरीज केंद्र सरकारची 'पीएम किसान' योजना आहे. तीत वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. महाराष्ट्रातील आपल्या नातेवाइकांना २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी महासन्मान' योजनेतून आणखी ६,००० रुपयांची जोड मिळाली. २०१९ मध्ये नांदेडकडील सीमेवरच्या गावांतून आम्हांला तेलंगणात घ्या अशी मागणी झाली होती. तिच्यामागे एकरी मिळणाऱ्या ह्या पैशाचे आकर्षण होते, हे उघड आहे.

ह्या योजनांचे चांगले काय, तेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पैसा मधल्या माणसाच्या हातून जात नाही. अमुकच खत घ्या, तमुकच बियाणे घ्या अशी सक्ती नाही. कर्जमाफीचा लाभ कर्ज घेतलेल्यालाच होतो. ज्याने कधी बँकेचे तोंड पाहिले नाही, त्यालाही हा पैसा मिळतो. दोन एकरांच्या धन्याला वर्षाचे २४,००० रुपये ही लहान गोष्ट नव्हे. त्यावर कोणी टीका केली की शेतकऱ्याला राग येतो आणि तो यावा हेही स्वाभाविक आहे. म्हणून हा पैसा बंद करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तो योग्य हाती जावा, एवढेच म्हणणे आहे.

कसणारा कागदावर नाही

ह्या सर्व योजनांचा पाया एकच आहे, जमिनीचा कागद. तेलंगणात सप्टेंबर ते डिसेंबर २०१७ ह्या काळात जमिनीच्या नोंदी शुद्ध करण्याची मोठी मोहीम झाली, नवी पट्टादार पासबुके छापली गेली आणि त्यांच्याच आधारे पैसा वाटला गेला. २९ ऑक्टोबर २०२० रोजी 'धरणी' ही संगणकावरील नोंदणी आली. तिच्या जागी आता एप्रिल २०२५ पासून 'भू भारती' आली आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना निजामी अमलापासून चालत आलेले पहाणी पत्रक आठवत असेल. त्यात मालकाचे नाव वेगळ्या रकान्यात आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव वेगळ्या रकान्यात असे. पाहणी करणारा कर्मचारी बांधावर जाऊन कोण पेरतो, काय पेरले ते लिहून घेई, निदान त्याने तसे लिहावे अशी अपेक्षा असे. नव्या पासबुकात व 'धरणी'त कसणाऱ्याचा तो रकाना राहिला नाही. मालक तेवढा उरला. रकाना गेला आणि त्याबरोबर माणूसही सरकारच्या डोळ्यांआड झाला.

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. रैतु स्वराज्य वेदिका ह्या संस्थेने २०२२ मध्ये तेलंगणातील गावांत पाहणी केली, तेव्हा शंभर शेतकऱ्यांमागे सुमारे ३६ जण दुसऱ्याची जमीन कसणारे आढळले. त्यांतील पुष्कळांची स्वतःची एक-दोन एकर असते आणि वर आणखी चार-पाच एकर ते करतात. काहींची तसूभरही नसते. तेलुगूत त्यांना 'कौलु रैतु' म्हणतात. आपल्याकडे कोणी बटईदार म्हणतात, कोणी खंडाने करणारा, कोणी मक्त्याने करणारा. नाव काहीही असो, पैसा वाटताना ह्यांचे नाव यादीत नसते. २०१८ मध्ये तेव्हाच्या सरकारने स्पष्टच सांगितले होते की मालक व कूळ ह्यांच्या आपसांतील व्यवहारात सरकार पडणार नाही. २०२३ च्या निवडणुकीत कुळांनाही एकरी १५,००० रुपये देऊ असे वचन दिले गेले. परंतु जानेवारी २०२५ मध्ये नियम निघाले ते पुन्हा पट्टादारांपुरतेच. भूमिहीन मजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची वेगळी योजना त्याच दिवशी सुरू झाली, पण तीही २०२३-२४ मध्ये रोजगार हमीवर निदान २० दिवस काम केलेल्यांसाठी. दुसऱ्याचे शेत खंडाने करणाऱ्या माणसाला रोजगार हमीच्या कामावर जायला सवड कोठून मिळणार?

थोडा हिशोब

आता एक हिशोब मांडू. समजा, एका गृहस्थांची गावी पाच एकर जमीन आहे आणि ते स्वतः हैदराबादेत नोकरीधंद्याला आहेत. त्यांनी जमीन गावातील एका माणसाला एकरी १२,००० रुपये खंडाने दिली. मालकाला खंडाचे ६०,००० आणि रैतु भरोसाचे ६०,००० असे वर्षाला १,२०,००० रुपये मिळाले. ह्यात त्यांना ना पावसाची काळजी, ना किडीची. ज्याने शेत केले त्याने ६०,००० रुपये आधी मोजले, मग बियाणे, खत, फवारणी, मजुरी ह्यांचा खर्च केला. पीक आले तर दोन पैसे उरतील. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला तर सारा तोटा त्याचा एकट्याचा. मालकाची रक्कम मात्र एका पैशानेही कमी होणार नाही.

शेतीला मदत द्यायची ती शेतीत धोका असतो म्हणून. मग ज्याच्या अंगावर धोका आहे त्याला काही नाही आणि ज्याला धोका नाही त्याला सगळे, हे कसे? खताचे उदाहरण घ्या. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकार कारखान्याला देते. दुकानात आधार दाखवून अंगठा लावला की गोणी मिळते; जमीन कोणाची ह्यावर तिची किंमत ठरत नाही. त्या पद्धतीत दुसरे दोष आहेतच, पण तो पैसा पिकामागे जातो. एकरी अनुदान कागदामागे जाते. फरक आहे तो एवढाच.

दुसरी गोष्ट मर्यादेची. जानेवारी २०२५ च्या नियमांत किती एकरांपर्यंत पैसा द्यावा ह्याला कमाल मर्यादा नव्हती. दोन एकरवाल्याला वर्षाला २४,००० तर वीस एकरवाल्याला २,४०,०००. गरज कमी तेथे मदत जास्त, असा हा उलटा न्याय आहे. २०१८ मध्ये सधन मालकांनी आपली रक्कम आपण होऊन सोडावी असे आवाहन झाले होते. पण माणसाच्या सद्बुद्धीवर सोपवलेली मर्यादा ही काही मर्यादा नव्हे.

सर्वांत दुःखाची गोष्ट विम्याची. ऑगस्ट २०१८ पासून 'रैतु बीमा' योजनेत १८ ते ५९ वर्षे वयाच्या शेतकऱ्याचा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर कुटुंबाला ५ लाख रुपये मिळतात आणि हप्ता सरकार भरते. योजना उत्तम आहे. परंतु त्यातही शेतकरी म्हणजे पट्टादार. ज्याच्या नावावर काही गुंठे जमीन आहे त्याच्या विधवेला ५ लाख, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्याची आठ एकर केली त्याच्या विधवेला काहीच नाही. तिच्या डोक्यावर बियाणे-औषधाच्या दुकानदाराचे देणे तेवढे उरते. नवरा शेतकरी होता हे तिने कोणाला आणि कशाने पटवून द्यायचे?

मालक का भितात?

आता दुसरी बाजू. कुळाचे नाव कागदावर लावायला मालक का तयार होत नाहीत? त्याला कारण आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळानंतर १९५० मध्ये कुळांविषयीचा कायदा झाला. त्या वेळी मराठवाडा व तेलंगणा एकाच राज्यात होते, म्हणून तो दोन्हीकडे लागू झाला. त्याने कित्येक संरक्षित कुळांना न्याय मिळाला. पण "नाव लागले की जमीन गेली" ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या मनात बसली ती बसलीच. म्हणून आजही व्यवहार तोंडी होतो आणि कूळ दर एक-दोन वर्षांनी बदलले जाते. उद्या हे शेत आपल्याकडे राहील की नाही ह्याची खात्री नसलेला माणूस त्यात शेणखत कशाला घालील? बांधबंदिस्ती तरी कशाला करील? ह्यात जमिनीचेही नुकसान होते.

शिवाय सगळे मालक सुखवस्तू नसतात. नवरा गेलेली बाई, हातपाय थकलेले म्हातारे जोडपे, मुले शहरात गेलेले घर अशांनी दोन एकर बटईने दिले तर त्यांना धनदांडगे म्हणता येणार नाही. त्यांचा पैसा काढून घेणे हा नवा अन्याय होईल. म्हणून प्रश्न मालकाविरुद्ध कूळ असा मांडू नये. दोघांच्याही ताटात काही पडेल अशी वाट शोधली पाहिजे.

वाटा आहेत. एकत्रित आंध्र प्रदेशात २०११ मध्ये परवानाधारक शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यात कसणाऱ्याला एका वर्षापुरते पत्र मिळे, त्यावर बँकेचे पीककर्ज घेता येई आणि मालकाच्या हक्काला धक्का लागत नसे. तेलंगणात हे काम पुढे थंडावले. आंध्रात २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या कराराचा नवा कायदा झाला आणि अनुसूचित जाती-जमाती, मागास व अल्पसंख्य समाजांतील भूमिहीन कुळांना तेथील योजनेत घेतले गेले. परंतु करारावर मालकाची सही लागे आणि ती मिळणेच कठीण होऊन बसले. ओडिशा सरकारने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या 'कालिया' योजनेत बटईदार व भूमिहीन मजूर दोघांचाही समावेश केला होता. म्हणजे हे काम अवघड आहे, अशक्य नाही.

परदेशातही हा प्रश्न सुटला आहे असे समजू नका. अमेरिकेत जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांना सरकारी पैसा मिळतो. तेथील नियम असा, की जो पिकाचा धोका पत्करतो त्यालाच पैसा. जमीन रोख खंडाने दिली असेल तर तो कसणाऱ्याला मिळतो; बटईने दिली असेल तर दोघांत वाटला जातो. २०१८ च्या तेथील कायद्याने दर माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादाही घातली होती. तरीही सरकारी पैसा वाढला की मालक खंड वाढवतो, हा अनुभव तेथेही आला. युरोपात हेक्टरी पैसा देतात, तेथे सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लोकांकडे जाते. तेव्हा नियम बदलला की आपोआप न्याय होईल अशा भ्रमात राहू नये. पण खंड वाढेल म्हणून कुळाला काहीच देऊ नये, हाही काही युक्तिवाद नव्हे. गळती होते म्हणून कोणी विहिरीत मोट सोडायचे थांबवीत नाही.

काय व्हावे?

आमच्या मते सरकारने चार गोष्टी कराव्यात. पहिली, कसणाऱ्याची नोंद हंगामापुरती वेगळ्या वहीत व्हावी आणि तिच्यावरच स्पष्ट छापावे की ह्या नोंदीने मालकीचा कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. मालकाच्या सहीवर ती अडू नये. बांधावरची पाहणी व ग्रामसभेची साक्ष पुरावी. दुसरी, खंडाने किंवा बटईने दिलेल्या जमिनीचा पैसा मालक व कूळ ह्यांत वाटावा आणि तीन-चार एकरांच्या आतील मालकाचा हिस्सा कमी करू नये. तिसरी, दर कुटुंबामागे एकरांची मर्यादा घालावी. त्यातून वाचलेला पैसा कुळांना पुरेल. चौथी, विमा कसणाऱ्यालाही लागू करावा. ही चौथी गोष्ट सर्वांत आधी व्हावी, कारण तिच्यात मालकाचे काहीच जात नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आणखी एक अडचण भोगावी लागते. दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची गणना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींत होत नाही. तेलुगू प्रदेशांत त्यांना मागासवर्गाच्या 'क' गटात धरतात. म्हणून अनुसूचित जातींसाठी असलेली शेतीची खास सवलत त्यांना मिळत नाही. त्यातून जमीन नावावर नसेल तर दोन्ही दारे बंद. अशा कुटुंबांची आठवण ग्रामसभेत कोणी करायची? आपणच.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हाती काही आहे की नाही? आहे. आपल्यातील जे बंधू हैदराबाद-सिकंदराबादेत राहतात आणि ज्यांची जमीन गावी दुसरा कोणी करतो, त्यांनी एक विचार करावा. रैतु भरोसाची रक्कम आली की तिच्यातील निम्मी खंडातून वजा करावी. वर दिलेल्या हिशोबात ३०,००० रुपये सुटले तरी मालकाकडे ९०,००० राहतातच. पीक बुडाले तर खंड पुढच्या हंगामावर ढकलावा. व्यवहार दोन साक्षीदारांसमोर साध्या कागदावर लिहून घ्यावा. त्यात मुदत, रक्कम व शेताचा सर्व्हे नंबर असावा. लिहिलेला व्यवहार दोघांचेही रक्षण करतो, हे मालकांनीही ध्यानात घ्यावे.

आणि जे दुसऱ्याचे शेत करतात त्यांनी पावत्या जपून ठेवाव्यात. बियाण्याची, खताची, धान विक्रीची पावती आपल्या नावाने घ्यावी. शेतीवरील घरातील सुनेचे व मुलांचे आधार व बँक खाते नीट जोडलेले आहे की नाही ते पाहावे. स्वतःच्या नावावर अर्धा एकर जरी असेल तरी त्याचा रैतु बीमा अर्ज भरलेला आहे का, वारसाचे नाव बरोबर आहे का, हे ह्या हंगामातच तपासावे. पुष्कळ वेळा पती वारला की मगच कळते, नाव चुकले होते.

शेवटी आरोग्याविषयी चार शब्द. कर्जाचा बोजा हा आजारच आहे आणि तो अंगावर काढण्यासारखा नाही. झोप न येणे, जेवण नकोसे होणे, माणसांत न मिसळणे, दारू वाढणे ही त्याची लक्षणे घरच्यांना आधी दिसतात. खंडाने शेती करणाऱ्यांत हा ताण अधिक असतो, कारण बँक दारात उभी करीत नाही आणि दुकानदार व्याज थांबवीत नाही. अशा घरी जाऊन बसा, विचारपूस करा, एकट्याला सोडू नका. मन फारच खचले असेल तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. तो आपल्या भाषेतही बोलतो. हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

भाकरी कोणाच्या नावाच्या शेतात पिकली हे खाणाऱ्याला कळत नाही. पण ती कोणाच्या हाताने पिकली हे गावाला ठाऊक असते. गावाला जे ठाऊक आहे ते सरकारच्या वहीत यावे, एवढीच ही मागणी आहे. येत्या ग्रामसभेत ती मांडा. आणि ज्यांच्या खात्यावर ह्या खेपेस पैसे पडतील, त्यांनी आपल्या बांधावर राबणाऱ्या माणसाला बोलावून त्याचा हिस्सा त्याच्या हाती ठेवावा. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.